मध्येच तोडण्याचा अभ्यास

सोलांका गावात आजाऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं हा चोरीपेक्षा मोठा गुन्हा मानतात. चोर निदान माफी मागून सुटतो. औषधी म्हणून प्रसिद्ध असलेल्या खारट झऱ्याच्या मंडपात माणसं चोचीचे कप हातात घेऊन फेऱ्या मारतात, कोमट पाणी घुटक्याघुटक्यानं पितात, आणि तोंड रिकामं झालं की आपलं दुखणं सांगतात. त्यालाही शिस्त आहे. आधी तुमचा खुबा, मग माझं यकृत. तुमचा खुबा चालू असेपर्यंत मी मान हलवायची आणि योग्य जागी "अरेरे" म्हणायचं. माझं यकृत सुरू झालं की तेच तुम्ही करायचं. मध्येच घड्याळ पाहणाऱ्याच्या बाकावर दुसऱ्या दिवशी कुणी बसत नाही.

बोगुमिल या शिस्तीतच वाढला. आईवडील नॉर्वेला मासे साफ करायला गेले आणि मुलगा ओटिलियामावशीकडे राहिला. मावशीचं आठ खोल्यांचं पाहुणेघर होतं. तिचे पाहुणे एकवीस दिवसांच्या मुक्कामाला यायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे. लोकांना वाटायचं, मावशीच्या चीज केकसाठी येतात. मावशीला खरं कारण माहीत होतं. पाच वर्षांचा असल्यापासून बोगुमिलला ती नाश्त्याच्या टेबलावर बसवायची. त्याचं काम एकच, ऐकणं. दहाव्या वर्षी त्याला मूतखड्याचे चार प्रकार आणि तीन जावयांची नावं पाठ होती.

"पोरगं म्हणजे औषध आहे," पाहुण्या बाया म्हणायच्या.

असा मुलगा रुग्णवाहिकेच्या शिक्षणाला गेला यात कुणाला नवल वाटलं नाही. तीन वर्षं त्यानं मन लावून अभ्यास केला. लेखी परीक्षेत तर त्यानं असे गुण मिळवले, की मावशीनं निकालाचा कागद फ्रीजवर चिकटवला आणि पाहुण्यांना लोणी काढायच्या निमित्तानं तिकडे पाठवू लागली.

आणि प्रात्यक्षिकात तो सपशेल नापास झाला.

झालं असं. परीक्षेच्या खोलीत पलंगावर एक बाई झोपवलेल्या होत्या. निवृत्त नटी, परीक्षा मंडळानं रुग्णाचं काम करायला बोलावलेल्या. हातात दहा मिनिटं. बोगुमिलनं अदबीनं विचारलं, "काय होतंय, बाई?" आणि बाईंनी सुरुवात केली, "काय सांगू, सोमवारी माझ्या नणंदेकडे गेले होते…" बोगुमिल पलंगाच्या कडेला टेकला. मान हलवू लागला. नणंदेची सून आली, सुनेचं कुत्रं आलं, कुत्र्याचं ऑपरेशन आलं. बोगुमिलनं दोनदा "अरेरे" म्हटलं, दोन्ही वेळा अगदी योग्य जागी. घंटा वाजली तेव्हा बाई कुत्र्याच्या टाक्यांपर्यंत पोचल्या होत्या आणि छातीदुखीची गोष्ट अजून निघायचीच होती.

परीक्षकांनी कागदावर लिहिलं: "रुग्णाशी वागणूक: उत्कृष्ट. रुग्ण: मयत."

दुसरी संधी सप्टेंबरअखेर होती. गावच्या रुग्णवाहिका केंद्रात एक जागा रिकामी होती आणि केंद्राच्या प्रमुख रोमुआल्दाबाईंनी ती ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं होतं. त्यापुढे शेजारच्या तालुक्यातला एक पैलवान उमेदवार तयारच होता. म्हणजे या खेपेलाही गाडी चुकली, तर बोगुमिल सव्विसाव्या वर्षी पुन्हा नाश्त्याच्या टेबलावर, आणि बहुधा कायमचा. मावशी तसं बोलून दाखवत नव्हती. पण तिनं त्याच्या खुर्चीला नवी गादी शिवली होती.

परीक्षा पास व्हायला काय लागतं हे सोलांक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. केस कापायचे नाहीत, कापले तर डोक्यातलं ज्ञान जातं. लाल चड्डी घालायची. शालान्त परीक्षेला चालली होती, आता का नाही चालणार? घरातून निघताना कुणीतरी जिव्हाळ्याच्या माणसानं मागून एक लाथ घालायची. कुणी शुभेच्छा दिल्या तर आभार मानायचे नाहीत, नाहीतर त्या फुकट जातात. पहिल्या खेपेला बोगुमिलनं हे सगळं पाळलं होतं. लाथ तर मावशीनं इतक्या जिव्हाळ्यानं घातली, की तो बसमध्ये उभा राहून गेला.

"मग कुठं चुकलं?" मावशीनं विचारलं.

"तुम्ही 'यश मिळो' म्हणालात तेव्हा मी चुकून 'थँक यू' म्हटलं होतं."

"बघ!" मावशी म्हणाली. तिच्यापुरता प्रश्न मिटला.

रोमुआल्दाबाईंपुरता मिटला नव्हता. बावीस वर्षं रुग्णवाहिकेत काढलेली ती बाई केंद्राच्या स्वयंपाकघरात काकडीचं सूप पीत होती. तिनं परीक्षकांचा शेरा वाचला, पुन्हा वाचला, आणि चमचा खाली ठेवला.

"हृदयाचा आलेख वाचता येतो तुला?"

"येतो."

"सुई लावता येते?"

"येते."

"मग तुझं ज्ञान ठीक आहे रे. तुझे संस्कार आड येतात."

बोगुमिल लाजला. संस्कारांबद्दल त्याचं आजवर कौतुकच झालं होतं.

"हे बघ," रोमुआल्दाबाई म्हणाली, "घाबरलेलं माणूस दोनच गोष्टी करतं. एक तर गप्प बसतं, नाहीतर नको तितकं बोलतं. गप्प बसणाऱ्यांचं तुला जमतं. बोलणाऱ्यांना मध्येच तोडायला शीक. जा त्या मंडपात, आणि दिवसाला पाच म्हाताऱ्यांना तोडून ये."

"मी? मंडपात?"

"नाही, मी जाते. मला नोकरी मिळायची आहे ना!"

पहिल्या दिवशी बोगुमिल मंडपात गेला. एका बाकावर एक गृहस्थ आपल्या मणक्याबद्दल बोलत होते. बोगुमिल त्यांच्यासमोर उभा राहिला, श्वास घेतला, आणि म्हणाला, "माफ करा…"

"बसा की," गृहस्थ म्हणाले आणि बाजूला सरकले. बोगुमिल पावणेदोन तास बसला. परतताना त्याला पाठीच्या चौथ्या मणक्याबद्दल असं काही माहीत झालं होतं, जे शल्यविशारदालाही माहीत नसेल.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो घरी परतला तेव्हा पाहुणेघराच्या व्हरांड्यात सेवेरिनराव बसले होते. मावशीचे हे बारमाही पाहुणे रेल्वेत चाळीस वर्षं स्टेशनमास्तर होते. निवृत्त झाले तरी प्रत्येक गोष्टीला किती मिनिटं उशीर झाला हे सांगायची सवय गेली नव्हती. बोगुमिलची व्यथा ऐकून घ्यायला त्यांना चार मिनिटं लागली. तसं ते म्हणालेसुद्धा.

"यात काय आहे? सराव. उद्यापासून जेवणानंतर दिवाणखान्यात. रुग्ण आम्ही. प्रत्येकी दहा मिनिटं. वेळ मी धरतो."

रुग्ण व्हायला पाहुण्यांत चढाओढ लागली. पण काय व्हायचं यावरून पहिल्याच दिवशी भांडण झालं. हृदयविकाराचा झटका तिघांना हवा होता.

"मला साखर नको," एक बाई फणकारल्या. "साखर मला घरीच आहे. एवढ्या लांब येऊन पुन्हा साखरच?"

"मग अपेंडिक्स घ्या."

"ते काढून झालंय! खोटं कशी बोलू?"

शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. पण चिठ्ठीत काहीही आलं तरी प्रत्येकजण आपलंच दुखणं सांगायचा. ज्यांना विंचू चावल्याचं नाटक करायचं होतं, ते दुसऱ्या मिनिटाला स्वतःच्या प्रोस्टेटवर यायचे. बोगुमिल तळमळत ऐकायचा. सेवेरिनराव घड्याळाकडे पाहून जाहीर करायचे, "दहा मिनिटं. बाई गेल्या."

"अगंबाई, परत?" बाई दचकायच्या. पहिल्या आठवड्यात दिवाणखान्यात एकूण तेवीस माणसं मेली. काहीजण दोनदा.

रोमुआल्दाबाई एकदा येऊन हे पाहून गेली आणि जाताना एक युक्ती सांगून गेली. "तोंडानं तोडवत नसेल तर हातानं तोड. मनगट धर आणि घड्याळाकडे बघ. नाडी मोजताना माणूस आपोआप गप्प बसतो. कुणी शिकवलेलं नसतं, तरी बसतो."

आणि खरंच! युक्ती जादूसारखी चालली. बोगुमिलनं मनगट धरलं की मोठमोठी यकृतं अर्ध्या वाक्यात थांबू लागली. त्या शांततेत तो पटकन विचारायचा, "कधीपासून? कुठं? औषधं कुठली?" मरणाऱ्यांची संख्या आठवड्याला दोनवर आली. मावशीनं दिवाळखोरी टळल्यासारखा सुस्कारा सोडला आणि खुर्चीवरची नवी गादी काढून मांजराला दिली.

मग लेओकादियाबाईंचा नंबर आला.

लेओकादियाबाई पंधरा वर्षं मावशीकडे येत होत्या, कायम तीन नंबरच्या खोलीत. त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती: एकतीस वर्षांपूर्वी काढलेलं पित्ताशय. ती गोष्ट सांगायला त्यांना पन्नास मिनिटं लागत, आणि एकतीस वर्षांत ती कुणीही तोडलेली नव्हती. दिवंगत नवऱ्यानं नाही, पाद्रीबाबांनी नाही. एकदा मंडपाच्या छताचा तुकडा पडला तेव्हा माणसं बाहेर पळाली, पण लेओकादियाबाईंची श्रोती बसून राहिली म्हणतात.

"तर तो बुधवार होता," त्यांनी आरामखुर्चीत बसून सुरुवात केली.

बोगुमिलनं मनगट धरलं. लेओकादियाबाईंनी बोलता बोलता दुसराही हात पुढे केला.

"हाही बघ हवं तर. तर बुधवार, आणि मी बदक भाजायला ठेवलं होतं…"

दिवाणखान्यात कुजबुज झाली. सेवेरिनरावांनी बोट वर केलं: दोन मिनिटं. बदक भाजून झालं. चार मिनिटं. पोटात कळ आली. सहा. बोगुमिलच्या कपाळावर घाम आला. ही गोष्ट त्यानं दर उन्हाळ्यात ऐकली होती. बदकाच्या वजनापासून शेवटच्या वाक्यापर्यंत पाठ होती. आणि त्याला एकाएकी दिसलं, की लेओकादियाबाई अजून रुग्णवाहिकेपर्यंतही पोचलेल्या नाहीत, आणि आपण आपल्याच हातानं पुन्हा एक बाई मारणार आहोत.

"…आणि मग डॉक्टर म्हणाले, एवढा मोठा खडा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही!" बोगुमिल ओरडलाच. "झालं, लेओकादियाबाई! आता सांगा, आत्ता कुठं दुखतंय?"

दिवाणखाना गार पडला. कुणीतरी चमचा पाडला. दारात उभी असलेली ओटिलियामावशी भिंतीला टेकली.

लेओकादियाबाईंनी दोन्ही हात मागे घेतले. त्या बोगुमिलकडे अशा पाहत होत्या, की जणू खुर्चीच बोलली.

"आत्ता?" त्या म्हणाल्या.

"आत्ता."

सेवेरिनराव घड्याळ पाहायचे विसरले. चाळीस वर्षांत प्रथमच.

"आत्ता गुडघा दुखतो," लेओकादियाबाई हळूच म्हणाल्या. "डावा."

"कधीपासून?"

"पाच वर्षं होतील."

"कधी बोलला नाहीत ते?"

"गुडघ्याचं काय सांगायचं, बाळा? गुडघा सगळ्यांनाच असतो."

एवढं बोलून त्या उठल्या आणि खोलीत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. ट्रे वर पाठवला तो अंड्यासकट परत आला. गावात बातमी पसरली, की ओटिलियाच्या भाच्यानं लेओकादियाबाईंना तोडलं, तेही पित्ताशयात. मंडपात बोगुमिल आला की बायका कप पोटाशी धरून बाजूला होत. समोरच्या पाहुणेघराच्या मालकिणीनं तीन नंबरच्या खिडकीकडे पाहून गोड आवाजात चौकशीही केली.

"पंधरा वर्षं!" मावशी चीज केकचं पीठ मळता मळता डोळे पुसत होती. "पंधरा वर्षांची पाहुणी! जा, पाया पड, गुडघ्यावर बस, काहीही कर. नसेल व्हायचं तर नको होऊस पास!"

बोगुमिलनंही तेच ठरवलं होतं. परीक्षेचा नाद सोडायचा, लेओकादियाबाईंकडे जायचं, समोर बसायचं आणि बुधवारपासून सगळं पुन्हा ऐकायचं. तो जिना चढणार, तेवढ्यात त्या स्वतःच काठी टेकत खाली उतरल्या. गुडघ्याला पट्टा होता.

"डॉक्टरांकडे जाऊन आले," त्या म्हणाल्या. "दोन दिवस रांगेत बसले होते. हा पट्टा दिला."

"लेओकादियाबाई, मला खरंच…"

"थांब. तू शेवट चुकीचा सांगितलास. डॉक्टर 'खडा' म्हणाले नव्हते. म्हणाले, 'बाईसाहेब, हा खडा नाही, हा बटाटा आहे.'"

"चुकलं."

"चुकलंच. आणि तोडलंस तेही उशिरा. सहा मिनिटं काय बदक खात होतास?" त्या आरामखुर्चीत बसल्या आणि काठी बाजूला ठेवली. "चल, पुन्हा तोड. या वेळी नीट."

लेओकादियाबाईंनी मुक्काम वाढवला, आणि त्यानंतर तीन आठवडे बोगुमिलला असा मास्तर मिळाला, की विद्यापीठात मिळाला नसता. लेओकादियाबाई रोज वेगळी गोष्ट सांगत आणि तो कुठं तोडतो ते बघत. पहिल्याच वाक्याला तोडलं, तर काठी आपटत.

"उद्धट! अजून मी काही बोललेच नाही."

"रोमुआल्दाबाई म्हणाल्या, वेळ नसतो."

"त्या रोमुआल्दाला सांग, बोलणारी बाई वेडी नसते. ती जे महत्त्वाचं ते मध्येच कुठंतरी टाकते, केकमध्ये मनुका टाकावा तसा. मनुका सापडेपर्यंत खायचं. सापडला की बशी बाजूला ठेवायची. पूर्ण केक खायची सवय आहे तुला, तीच मोडायची."

म्हणून त्या सांगायच्या, बोगुमिल ऐकायचा, आणि सेवेरिनराव घड्याळ धरून ओरडायचे, "मनुका! एक मिनिट दहा सेकंद!"

परीक्षेच्या दिवशी बोगुमिलचे केस खांद्यावर आले होते आणि चड्डी लाल होती. लाथ घालायचा मान या खेपेला लेओकादियाबाईंनी मागितला. पट्ट्याच्या पायानं घातली, म्हणून सोसली.

खोलीचं दार उघडलं तेव्हा पलंगावर त्याच नटीबाई होत्या.

"अगंबाई, तुम्ही!" त्यांनी उशीवरून मान उचलली. "मागच्या खेपेला मी तुमच्याच हातून गेले ना? फार छान ऐकत होता हो तुम्ही."

"रुग्णानं कागदात लिहिलं तेवढंच बोलावं," परीक्षक खोकले. घड्याळ सुरू झालं.

बाईंनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि क्षणात त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. नटी खरी होती. "काय सांगू," त्या कण्हल्या, "सकाळपासून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. परवा दिराच्या नावाच्या संताचा सण होता, त्या मेजवानीला गेले होते, तिथंच दगदग झाली. डोकं दुखत होतं म्हणून जावेनं कसलीशी गोळी दिली, तर तोंड असं सुजलं, डोनटसारखं, फोटोत मीच मला ओळखेना! आणि दीर म्हणजे कसे, त्यांना नाच केल्याशिवाय…"

बोगुमिलनं मनगट धरलं. कानात काठी आपटल्यासारखं झालं.

"दीर राहू द्या, बाई. ती गोळी कुठली होती?"

परीक्षकांनी पेन उचललं.

"साधीच. अ‍ॅस्पिरिन."

"पूर्वी कधी त्रास झाला होता तिचा?"

"एकदा. पण अ‍ॅलर्जी म्हणाल, तर आमच्या घराण्यात कुणालाच नाही."

बोगुमिलच्या बॅगेत अ‍ॅस्पिरिन वरच होतं. छातीदुखीला पहिली गोळी तीच द्यायची, हे पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतं. त्याचा हात गोळ्यांपर्यंत गेला होता तो मागे आला. ती देणार नाही आणि का देणार नाही, हे त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, कारण परीक्षकांना मनातलं ऐकू येत नाही. प्राणवायूची पातळी पाहिली, आलेख काढला, सुई लावली, रुग्णालयाला कळवलं. मध्ये दोनदा बाईंनी दिराच्या नाचाकडे वळायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यानं "हो, हो, नाच नंतर" म्हणून त्यांना छातीवर परत आणलं, आणि ते म्हणताना त्याचा आवाज जराही कापला नाही.

घंटा वाजायला दीड मिनिट शिल्लक होतं.

निकाल अर्ध्या तासात दारावर लागला. बोगुमिलनं आपलं नाव तीनदा वाचलं, एकदा बोट ठेवून. मग मावशीला फोन केला. मावशी रडली, मागे सेवेरिनराव विचारत होते, "किती मिनिटं लागली?" रोमुआल्दाबाईंनी एवढंच म्हटलं, "सोमवारी सकाळी सातला. केस कापून ये."

कॉरिडॉरमध्ये दुपारच्या तुकडीची मुलं बसली होती. त्यातली एक सडपातळ मुलगी, कानापर्यंत पांढरी पडलेली, त्याच्याकडे सरकली.

"दादा, तुम्ही पास झालात ना? मी जानेवारीत गेले होते, नाही जमलं. सांगा ना, काय केलंत? कशानं होतं?"

बोगुमिलला भरून आलं. तो तिच्या शेजारी बाकावर टेकला.

"सांगतो. त्याचं असं आहे, आमच्या सोलांक्यात एक बाई आहेत. तर तो बुधवार होता, आणि बाईंनी बदक भाजायला ठेवलं होतं…"

मुलगी मान हलवत ऐकू लागली. बदक भाजलं गेलं. कळ आली. दार उघडून कुणीतरी "एकवीस नंबर!" म्हणून पुकारा केला. मुलीनं हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा अदबीनं बोगुमिलकडे पाहून म्हणाली, "अरेरे."

"एकवीस! शेवटचा पुकारा!"

बोगुमिल रुग्णवाहिकेची वाट पाहण्यापर्यंत पोचला होता. त्याची नजर तिच्या चिठ्ठीवर गेली. एकवीस.

"अगं, तोड की मला!" तो ओरडला आणि तिला दंडाला धरून दाराकडे ढकललं.